आमची सेशन्स कुणीतरी ऐका : मानसशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांचे प्रमुख, अभ्यासमंडळांचे सदस्य आणि क्लिनिकल सुपरवायझर यांस,

सादर नमस्कार.

मी मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. मानसिक आघातानंतरचे उपचार हा माझ्या प्रशिक्षणाचा विषय आहे आणि संशोधनाचाही. आपल्याकडे माझी मागणी एकच आहे, ती सुरुवातीलाच मांडते. ज्या विद्यार्थ्याला आपण आघात सोसलेल्या माणसासमोर थेरपिस्ट म्हणून बसवता, त्याच्या सेशन्सची रेकॉर्डिंग्ज जाणत्या माणसाने नियमितपणे ऐकावीत आणि हे ऐकणं अभ्यासक्रमाचा सक्तीचा, तासांत मोजला जाणारा भाग असावा. सुपरवायझर उत्साही असले तर, कुणाला वेळ मिळाला तर, अशा भरवशावर ते राहू नये.

आमचा अभ्यासक्रम कच्चा आहे असं मी म्हणणार नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक आणि बलात्कारपीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या रेट्यामुळे १९८० साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार, हे निदान डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं, हे आम्हाला माहीत असतं. २०२२ पासून लागू झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने कॉम्प्लेक्स पीटीएसडीला, म्हणजे बहुधा दीर्घ किंवा वारंवारच्या आघातातून येणाऱ्या प्रकाराला, वेगळं स्थान दिलं, हेही आम्ही सांगू शकतो. ॲन्के एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांचं २००० सालचं मॉडेल परीक्षेत आकृती काढून लिहितो : घटना होऊन गेलेली असते, पण तिची आठवण विस्कळीत राहिलेली असते आणि माणसाने तिचा लावलेला अर्थ भयंकर असतो, म्हणून धोका अजून डोक्यावर आहे असंच त्याला वाटत राहतं. एडना फोआ यांची प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं), पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (घटनेचा लावलेला अर्थ तपासून पाहणं), फ्रान्सिन शपिरो यांची ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम), या सगळ्या उपचारांचे टप्पे आम्हाला पाठ असतात.

मग इंटर्नशिप सुरू होते. फाइल हातात येते, दार बंद होतं आणि समोर माणूस असतो. आत काय झालं हे त्यानंतर फक्त त्या दोघांना ठाऊक. पुढे कधीतरी सुपरवायझरसमोर आम्ही त्यातलं जे आठवतं ते, जसं आठवतं तसं सांगतो. सुपरवायझर आमचं कथन ऐकतात आणि त्या कथनावर मार्गदर्शन करतात. प्रत्यक्ष सेशन त्यांनी ऐकलेलंच नसतं. पदवी हाती येईपर्यंत एकही सेशन कुणी ऐकलं नाही, असे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि ते हुशार होते, मेहनती होते.

समुपदेशनाच्या इतर कामात हे थोडंफार चालून जातही असेल. आघाताच्या कामात चालत नाही. का, ते जरा विस्ताराने सांगू द्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

पीटीएसडीला जिवंत ठेवणाऱ्या गोष्टींत टाळणं फार मोठं आहे. माणूस तो रस्ता टाळतो, तो वास टाळतो, त्या तारखेच्या आसपास घराबाहेर पडत नाही, विषय निघाला की उठून जातो. प्रत्येक वेळी त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच पुढच्या वेळी तो आणखी लवकर टाळतो. आठवणीला सामोरं जाऊन, ती आठवणच आहे, आज ती आपल्याला मारू शकत नाही, हे कळण्याची संधी त्याला कधी मिळतच नाही. ज्या उपचारांचा गुण सिद्ध झाला आहे त्यांच्या तऱ्हा वेगळ्या असल्या तरी बहुतेक सगळे माणसाला या टाळण्याच्या उलट दिशेने, त्याच्या संमतीने आणि त्याच्या गतीने, नेतात.

पण थेरपिस्टही माणूसच असतो. पुढचं वाक्य भयंकर असणार हे त्यालाही आधी जाणवतं. आणि कळायच्या आत तो विषय हलकेच वळवतो, पाण्याचा ग्लास पुढे करतो, भावनांबद्दल एखादा सर्वसाधारण प्रश्न विचारतो. म्हणजे क्लायंट टाळतो, थेरपिस्ट टाळतो आणि सुपरव्हिजनमध्ये सांगताना ते पुन्हा एकदा टाळलं जातं. यात कुणाचा खोटेपणा नसतो. टाळणाऱ्याला आपण टाळलं हे दिसतच नाही, एवढंच.

प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमधलं एक सेशन घ्या. प्रत्यक्ष क्लायंटचं उदाहरण मी देणार नाही, ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. आमच्या रोल-प्लेमध्ये जे पुन्हा पुन्हा घडतं त्यावरून रचलेलं उदाहरण देते. क्लायंट डोळे मिटते आणि प्रसंग वर्तमानकाळात सांगू लागते : "मी जिना चढतेय. दिवे गेलेत. वरच्या मजल्यावरचं दार अर्धं उघडं आहे." थेरपिस्ट मध्येमध्ये विचारतो, शून्य ते शंभरमध्ये त्रास किती? पन्नास. थोड्या वेळाने, पासष्ट. मग एकाएकी आवाज सपाट होतो, बोलण्याचा वेग वाढतो आणि वाक्य येतं : "...आणि मग मी हॉस्पिटलमध्ये होते." दार आणि हॉस्पिटल यांच्यामधलं सगळं गळालं. इथे थेरपिस्टने शांतपणे म्हणायचं असतं, "थोडं मागे येऊ. दार अर्धं उघडं आहे. पुढे काय दिसतंय?" नवशिका थेरपिस्ट बहुतेक वेळा म्हणतो, "खूप छान सांगितलंत. आता कसं वाटतंय?" त्याच्या स्वरात माया असते. ती खरीही असते. पण ज्यासाठी ती बाई एवढा जिना चढून आली ते राहूनच गेलं.

त्या सेशनची नोंद अशी होते : 'क्लायंटने प्रसंग सविस्तर सांगितला. त्रास ६५ वरून ४० वर आला.' लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्रास उतरलाच, कारण सगळ्यात अवघड जागेला वळसा घालू दिला गेला. त्या जागेला या पद्धतीत हॉट स्पॉट म्हणतात, आणि पुढच्या सेशन्समध्ये तिथेच वारंवार परत जायचं असतं. नोंद वाचणाऱ्या सुपरवायझरना ती जागा सुटली हे कळण्याचा मार्गच नाही. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेतच कळतं.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त घातक असतं. हातात प्रोटोकॉल आहे, आज कल्पनेत प्रसंग सांगायचा टप्पा आहे, म्हणून विद्यार्थी पुढे रेटत राहतो. समोरून उत्तरं उशिरा येऊ लागतात, आवाज दुरून आल्यासारखा होतो, "माहीत नाही" हे दोन शब्द वाढत जातात. ती व्यक्ती आता खोलीत नाही, ती डिसोसिएट होते आहे, म्हणजे तिचं मन आत्ताच्या क्षणापासून तुटतं आहे. अशा वेळी डोळे उघडायला सांगून, पाय जमिनीला टेकवून, आजची तारीख आणि ही खोली यांच्याशी तिला परत जोडून घ्यावं लागतं. ही चिन्हं पुस्तकात वाचून ओळखू येत नाहीत. ती कानाला ऐकवावी लागतात, आणि 'हे बघ, इथपासून ती दूर जायला लागली' असं कुणीतरी टेप थांबवून दाखवावं लागतं. वहीत राग उतरवून गाणं येत नाही, गुरूसमोर गावंच लागतं. तसंच हे आहे.

या मागणीत नवीन काही नाही. कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थेरपीची सेशन्स ध्वनिमुद्रित करायला घेतली. तेव्हा तबकड्यांवर मुद्रण व्हायचं आणि एका तबकडीत काही मिनिटंच मावायची. एवढा खटाटोप करून त्यांनी १९४२ मध्ये एका संपूर्ण केसचा शब्दशः वृत्तान्त छापला. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि आमच्या प्रशिक्षणात मात्र सेशन अजून विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर सोडलेलं आहे.

स्वतःच्या कामाबद्दल थेरपिस्टने स्वतः सांगितलेलं किती विश्वासार्ह असतं, यावर संशोधन झालेलं आहे. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही, क्लायंटची स्वतःची बदलाची इच्छा संवादातून जागवणारी, पद्धत विकसित करणारे विल्यम मिलर यांनी २००१ मध्ये आपल्याच कार्यशाळेचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यशाळेनंतर सहभागी म्हणत होते की आपलं कौशल्य खूप वाढलं. टेप्स ऐकल्यावर प्रत्यक्ष कामात पडलेला फरक लहान निघाला, आणि समोरच्या माणसांच्या प्रतिसादात तर फरक पडलाच नव्हता. २००४ च्या मोठ्या अभ्यासात त्यांच्या गटाला दिसलं की कार्यशाळेनंतर टेप्सवर अभिप्राय आणि कोचिंग मिळालं तर शिकलेलं टिकतं. आपल्याच पद्धतीबद्दल असं छापणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. हा अभ्यास आघाताच्या उपचारांवरचा नव्हता, हे खरं. पण दोन-तीन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र यांवर आघाताचं प्रशिक्षण आटोपणाऱ्या प्रत्येक विभागाने तो वाचायला हवा.

मग प्रशिक्षणाविना काय होतं? २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका सर्वेक्षणात दिसलं, की पीटीएसडीसाठी एक्स्पोजरला भक्कम पुरावा असूनही बहुसंख्य जण ती वापरतच नव्हते. त्यामागे प्रशिक्षणाचा अभाव हे एक ठळक कारण होतं, आणि रुग्णाची अवस्था बिघडेल ही भीतीही. ही भीती किती खरी, तेही तपासलं गेलं आहे. फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की प्रसंग कल्पनेत सांगायला सुरुवात केल्यावर थोड्याच जणींची लक्षणं तात्पुरती वाढली, आणि त्यांनाही उपचारांचा गुण इतरांइतकाच आला. म्हणजे भीती विद्यार्थ्याच्या मनात असते आणि ती काढायला कुणी सोबत नसतं. तो सरळ ती पद्धतच सोडून देतो. पुढची अनेक वर्षं तो आघातग्रस्त माणसांना मायेने, मनापासून भेटत राहतो आणि त्यांच्या आघाताला हात लावत नाही.

हे उपचार सोपे आहेत असा माझा दावा नाही. अमेरिकेत ९१६ माजी सैनिकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर घेणाऱ्यांपैकी जवळपास ५६ टक्के आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी घेणाऱ्यांपैकी जवळपास ४७ टक्के लोकांनी उपचार अर्ध्यात सोडले. तिथले थेरपिस्ट शिकलेले होते, त्यांच्या कामावर देखरेख होती, तरीही हे आकडे आहेत. आमच्यासारख्या नवख्यांकडून किती जण सोडून जात असतील? विभाग म्हणून आपण ते मोजत नाही. क्लायंट यायचा थांबला की फाइलवर 'ड्रॉप-आउट' लिहिलं जातं आणि फाइल कपाटात जाते. तो का थांबला, याचं उत्तर पुष्कळदा शेवटच्या सेशनच्या टेपमध्ये असतं. ती टेपच नसते.

'विद्यार्थी सहानुभूतीने ऐकून घेतात, त्यात नुकसान काय होणार' असं मी अनेकदा ऐकलं आहे. आपल्याच क्षेत्राचा इतिहास याचं उत्तर देतो. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवेतल्या लोकांसाठी डीब्रीफिंगची पद्धत मांडली. प्रसंगानंतर लगेच बसवून सगळं बोलतं करायचं, अशी ती. हेतू चांगला होता, पद्धत जगभर पसरली आणि तीच एका बैठकीत कुणालाही देण्याची प्रथा पडली. मग नीट चाचण्या झाल्या. रस्ते अपघातातल्या जखमींवरच्या एका चाचणीचा तीन वर्षांनंतरचा पाठपुरावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांच्यापैकी डीब्रीफिंग मिळालेले लोक तीन वर्षांनीही त्रासातच होते. ज्यांना ते मिळालं नव्हतं ते सावरले होते. आज अशी एका बैठकीची सक्तीची डीब्रीफिंग करू नये असाच सल्ला दिला जातो, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका तर बजावून सांगते की कुणालाही घडलेलं सांगण्याचा आग्रह धरू नका. आपत्तीनंतर विद्यार्थ्यांची पथकं पाठवताना एवढं तरी त्यांच्या कानावर घालून पाठवा, ही जाता जाता विनंती.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल बोलताना मला उमेद येते. काँगोच्या पूर्व भागात लैंगिक हिंसाचारातून गेलेल्या ४०५ स्त्रियांवरची एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. युद्धाची झळ सुरूच होती, अनेक सहभागी स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हतं. उपचार देणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्या होत्या, त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी गटात, सोप्या रूपात दिली गेली. सहा महिन्यांनंतर नैराश्य किंवा चिंताविकाराच्या निकषांत बसणाऱ्या स्त्रिया थेरपीच्या गटात ९ टक्के होत्या, फक्त वैयक्तिक आधार मिळालेल्या गटात ४२ टक्के. पीटीएसडीचंही चित्र तसंच. त्या कार्यकर्त्यांना आमच्यापेक्षा जास्त काय मिळालं होतं? पाठीशी सुपरव्हिजनची साखळी होती. त्यांच्या कामावर स्थानिक पर्यवेक्षक आठवड्याला बोलत, आणि त्या पर्यवेक्षकांशी प्रशिक्षक बोलत. जिथे फोन लागणं मुश्कील तिथे हे जमवलं गेलं. सुसज्ज विभागाला ते जमणार नाही, हे पटणं मला अवघड जातं.

संशोधनाबद्दल आता लिहिते. तिथेही हेच आहे, फक्त ते कमी दिसतं.

आमच्यातले बहुतेक जण प्रबंधासाठी प्रश्नावली वापरतात. पीटीएसडीच्या लक्षणांची पीसीएल-५ ही प्रश्नावली घ्या : २० प्रश्न, बेरीज ० ते ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की पीटीएसडी असू शकतो, एवढंच ती सांगते. निदानासाठी प्रशिक्षित माणसाने घेतलेली मुलाखत लागते. तरी प्रबंधात सर्रास 'इतक्या टक्क्यांमध्ये पीटीएसडी आढळला' असं छापलं जातं आणि गाइडच्या सहीने पुढे जातं. त्याहून मला खुपते ती गोष्ट वेगळी आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये मध्यरात्री कुणीतरी सगळ्या प्रश्नांना 'अत्यंत' असं उत्तर देऊन सबमिट दाबतं, आणि तो फॉर्म डेटा गोळा होईपर्यंत कुणी उघडतही नाही.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स समित्यांची भीती मात्र भलत्याच जागी असते. आघाताबद्दल विचारलं तर माणूस कोलमडेल, असं धरून त्या प्रश्नच गाळायला सांगतात. या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये घेतला गेला, त्यात दिसलं की सहभागींना होणारा त्रास सरासरीने सौम्य असतो, आणि भाग घेतल्याचा पश्चात्ताप सहसा होत नाही. म्हणून समित्यांनी विचारायला हवं ते असं : उत्तर आल्यावर ते कोण वाचणार, किती वेळात, आणि वाचून काय करणार?

आणि मुलाखतींचं लिप्यंतर करणारा विद्यार्थी. त्याच्याबद्दल कुणी काहीच विचारत नाही. मुलाखत घेणाऱ्याने ती एकदा ऐकलेली असते, समोर माणूस असताना. लिहून काढणारा एकटा, कानात हेडफोन. एक शब्द अस्पष्ट आहे, तो मागे जातो. पुन्हा अस्पष्ट. पुन्हा मागे. ते वाक्य जर मारहाणीबद्दलचं असेल तर ते वाक्य तो शब्द लागेपर्यंत ऐकतच राहतो. हुंदका आला तर कंसात 'रडतात' असं लिहायचं, शांतता असेल तर सेकंद मोजून लिहायचे. मग कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना आशयानुसार नावं देणं, सुरू होतं आणि तोच उतारा 'असहायता' या कोडखाली ठेवायचा की 'विश्वासघात' या, हे ठरवण्यासाठी परत वाचायचा. मी हे काम केलं आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. मला माहीत असलेल्या कोणत्याही व्याख्यानाने आघाताबद्दल एवढं शिकवलं नाही. पण संमतीपत्रात सहभागींसाठी मदतीचा क्रमांक असतो. लिप्यंतर करणाऱ्यासाठी काहीही नसतं, कोणत्या मुलाखती ओळीने करू नयेत एवढी साधी सूचनाही नसते.

इतरांचा आघात ऐकून ऐकणाऱ्याच्या मनात बदल होतात, हे लिसा मॅकॅन आणि लॉरी अॅन पर्लमन यांनी १९९० मध्येच मांडलं. २०१३ च्या डीएसएम-५ ने तर कामाचा भाग म्हणून अशा तपशिलांना वारंवार किंवा तीव्रतेने सामोरं जावं लागणं हेही निदानाच्या निकषात घेतलं. हे आम्हाला शिकवलं जातं. प्रश्नपत्रिकेत येतं. आमच्याच बाबतीत ते लागू आहे, असं मात्र कुणी धरत नाही. एखाद्या विद्यार्थिनीला झोप लागेनाशी झाली की 'सेल्फ-केअर कर' म्हणून तिच्यावरच सोडून दिलं जातं. तिला हवी असते ती केसेसची संख्या ठरवणारी, सेशन ऐकणारी आणि गरज असेल तर 'ही केस आता मी तुझ्यासोबत बसून घेतो' असं म्हणणारी व्यक्ती. श्वासाचे व्यायाम तिला आधीच येतात, ती तेच इतरांना शिकवते.

आमच्यातले काही जण स्वतः आघातातून आलेले आहेत. त्यांना या क्षेत्राकडे वळावंसं वाटलं याचं नवल वाटू नये. त्यांच्याकडून कबुली मागू नका आणि त्यांना कमकुवतही समजू नका. सुपरवायझरने त्यांचा थेरपिस्ट व्हायचं नसतं. पण विभागाबाहेर, गुणपत्रिकेशी काही संबंध नसलेली थेरपी त्यांना मिळण्याची सोय विभागाने करून द्यावी.

आपल्या अडचणी मी ऐकल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत. मुख्य अडचण वेळेची. सेशन जेवढं, तेवढाच वेळ ऐकायला लागतो, आणि एका सुपरवायझरकडे विद्यार्थी पुष्कळ. प्रत्येक टेप पूर्ण ऐकावी असं मी म्हणत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा तुकडाही खूप सांगतो, अट एवढीच की तो सुपरवायझरने निवडावा. विद्यार्थ्याने निवडला तर तो आपला बरा तुकडाच आणणार. गटात ऐकलं तर एकाच्या टेपवर पाच जण शिकतात. आणि ऐकण्याचे हे तास सुपरवायझरच्या कार्यभारात धरले गेले पाहिजेत. आज जे सुपरवायझर टेप्स ऐकतात ते स्वतःच्या संध्याकाळी खर्च करून ऐकतात. त्यांच्या चांगुलपणावर व्यवस्था चालवणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

दुसरी अडचण गोपनीयतेची, आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते. लैंगिक अत्याचारातून आलेल्या माणसासमोर रेकॉर्डर ठेवणं ही साधी गोष्ट नाही. काहींच्या बाबतीत रेकॉर्डिंग हाच छळाचा भाग होता. म्हणून संमती वेगळी घ्यावी, नकार दिल्याने उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हे तोंडी आणि लेखी सांगावं, कधीही थांबवण्याचा हक्क असावा, विद्यार्थ्याच्या खासगी फोनवर काहीही राहू नये, फाइल कूटबद्ध असावी आणि ती पुसण्याची तारीख आधीच ठरलेली असावी. ज्यांना नको असेल त्यांच्या सेशनमध्ये, त्यांना चालत असेल तर, सुपरवायझर प्रत्यक्ष बसू शकतात. तेही नको असेल तर ती केस अनुभवी थेरपिस्टकडे जावी. नवख्याकडे एकट्याने नको. एक गोष्ट मात्र नमूद करते. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरमध्ये सेशनचं रेकॉर्डिंग क्लायंटला घरी ऐकण्यासाठी मुळात करावंच लागतं. म्हणजे रेकॉर्डर त्या खोलीत आधीपासूनच आहे.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून कुणी सांगत नाही, पण आहे. टेप ऐकवायला आम्ही घाबरतो. जिच्यावर गुण आहेत ती टेप कुणीही आपली फजिती दिसेल अशी आणणार नाही. म्हणून शिकण्याच्या टेप्स आणि मूल्यमापनाच्या टेप्स वेगळ्या ठेवा. आणि शक्य असेल तर पहिल्यांदा सुपरवायझरने स्वतःची टेप वर्गात ऐकवावी, तीही फसलेल्या सेशनची. माझ्या ओळखीच्या एका सुपरवायझरनी ते केलं, आणि त्यानंतर त्यांच्या गटातले विद्यार्थी रांग लावून टेप्स आणू लागले.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी बोलवावा. एकदम सगळीकडे शक्य नसेल तर आघाताच्या केसेस घेणाऱ्या एका तुकडीपासून सुरुवात करावी, आणि त्या वर्षी किती क्लायंट अर्ध्यात थांबले हे पहिल्यांदाच मोजावं. प्रबंधांसाठी, आलेली उत्तरं कोण वाचणार आणि लिप्यंतर करणाऱ्याची काळजी कोण घेणार, हे दोन रकाने एथिक्सच्या अर्जात घालावेत. त्याला पैसाही लागत नाही. रेकॉर्डिंगच्या संमतीपत्राचा मसुदा, साठवण आणि पुसण्याच्या नियमांसह, आम्ही विद्यार्थी तयार करून देऊ. तो तपासायला आघातातून गेलेली, उपचार पूर्ण केलेली एखादी व्यक्ती समितीवर मानधन देऊन घ्यावी, हा आमचा आग्रह राहील.

आपली,
मानसशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी